बाळ परत द्या, आजोबांना आणा

प्रश्न : माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. आम्ही भांडुपला वन रूम किचनमध्ये राहतो. घरात मी, नवरा, सासूबाई आणि दोन मुलं. धाकटी चार महिन्यांची आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास सासरे गेले. मोठ्याचा राग खूप वाढलाय. बाळाला चिमटे काढतो, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय. कोणीतरी सुचवलं म्हणून फोनवर भावना शिकवणारं एक हिंदी कार्टून लावायला लागले. त्यात घरात बाळ आल्यावर मोठा भाऊ खेळणी फेकतो, ओरडतो आणि शेवटी बाळाचा पापा घेतो. आमच्या मुलाने खेळणी फेकणं उचललं, 'मुझे ये बेबी नहीं चाहिए' हे वाक्यही उचललं. पापा मात्र नाही. परवा म्हणाला, "बाळ देवाघरी परत द्या आणि आजोबांना घेऊन या." नवरा म्हणतो, टीव्ही-मोबाइल सगळं बंद कर. सासूबाई म्हणतात, कार्टून बघून कोणाची मुलं मोठी झाली? दोन महिन्यांनी माझी बाळंतपणाची रजा संपेल. हे कार्यक्रम खरंच काही शिकवतात का? दाखवायचे तर कोणते आणि कसे?
– एक आई, भांडुप

उत्तर :

ताई,

मुलाच्या त्या शेवटच्या वाक्याने तुम्ही हादरला असाल, पण त्यात दुष्टावा नाही, हिशेब आहे. आजोबा देवाघरी गेले असं त्याला सांगितलं गेलं असणार आणि बाळ देवबाप्पाने दिलं असंही. म्हणजे पत्ता एकच. एक माणूस तिकडे गेलं, एक तिकडून आलं. कोपऱ्यावरच्या दुकानात नको असलेली वस्तू परत देऊन दुसरी घेता येते, हे त्याने तुमच्याबरोबर जाऊन पाहिलेलं आहे. हातातल्या माहितीवरून त्याने काढलेलं उत्तर बरोबर आहे; माहितीच अपुरी होती. तिच्याकडे आपण शेवटी येऊ.

कार्टूनचंही तेच झालं. तो भाग पुन्हा एकदा तुम्ही एकट्याने बघा, घड्याळ समोर ठेवून. ओरडणं आणि फेकाफेक किती वेळ चालते, समजूत किती वेळ निघते आणि पापा किती सेकंदांचा आहे, हे कागदावर मांडा. सात मिनिटांच्या भागात पाच-साडेपाच मिनिटं भांडण आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात सगळं गोड, असा साचा फार आढळतो. मोठ्या माणसाला शेवट कळला की आधीचं सगळं तो आपोआप 'हे चूक होतं' या खान्यात टाकतो. चार वर्षांच्या मुलाला असं मागे जाऊन खाडाखोड करणं जमत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक दृश्य सुटं असतं आणि त्यातलं सगळ्यात जोरकस दृश्य डोक्यात राहतं. फेकलेल्या खेळण्यांचा आवाज होतो, पाप्याचा होत नाही.

ही एकट्या तुमच्या मुलाची गोष्ट नाही. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांना 'क्लिफर्ड' या लाल कुत्र्याच्या मालिकेतला एक भाग दाखवला होता. तीन पायांचा कुत्रा येतो, बाकीचे त्याला बिचकतात, शेवटी मैत्री होते. वेगळ्या दिसणाऱ्याला आपल्यात घ्यावं, हा बोध बहुतेक मुलांपर्यंत पोचलाच नाही. काहींनी 'तीन पायांच्या कुत्र्यांशी नीट वागावं' एवढाच अर्थ काढला. त्याच संशोधकांनी पुढे गोष्टीच्या अधेमधे थोडक्यात समजावून सांगणारे तुकडे घालून पाहिले, तेव्हा मुलांची समज सुधारली. तुमच्या घरी तो मधला तुकडा तुम्ही घालायचा आहे.

मनापासून काम करणारे कार्यक्रमकर्तेही इथे अडखळतात. 'सेसमी स्ट्रीट' या १९६९ पासून चाललेल्या मालिकेने १९९२ मध्ये आईवडिलांच्या घटस्फोटावर एक भाग तयार केला. प्रसारणाआधी तो लहान मुलांना दाखवून पाहिला, तर 'भांडण झालं की आईबाबा वेगळे होतात' असं मुलांच्या मनात बसलेलं दिसलं. तयार झालेला भाग त्यांनी बाजूला ठेवला, दाखवला नाही. कार्यक्रमावर 'शैक्षणिक' अशी पाटी असते ती बनवणाऱ्याच्या हेतूची. मूल काय घेऊन उठलं, हे त्या मुलाकडे बघूनच कळतं, आणि तुम्ही ते बघितलंत.

मग दाखवायचंच नाही का? दाखवा, पण थोडं, निवडून आणि शेजारी बसून. भावना सांभाळायला शिकवणारी 'डॅनियल टायगर' ही मालिका बघणाऱ्या शाळेआधीच्या वयातल्या मुलांचा एक अभ्यास २०१६ मध्ये आला. दुसऱ्याचं मन ओळखणं, आपल्याला जमेल असं वाटणं, यांत फरक पडला तो घरचे लोक बघितलेल्या गोष्टींबद्दल नेहमी बोलतात अशा मुलांमध्ये. नुसतं बघून तो फरक दिसला नाही. भावनांबाबत टीव्ही फार तर शब्द आणि चित्र देतो. ते मुलाच्या अंगवळणी पडतं घरातल्या बोलण्याने. म्हणून 'सगळं बंद' या तुमच्या यजमानांच्या म्हणण्याशी आम्ही पूर्ण सहमत नाही, पण मुलाच्या हातात फोन देऊन स्वयंपाकाला लागणं या एका गोष्टीपुरते ते बरोबर आहेत. ते तेवढं आजपासून थांबवा.

वेळेचं आधी सांगतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी आहे : दोन वर्षांच्या आत पडदा अजिबात नको, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल; दोन ते पाच वर्षं या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीत, आणि जितका कमी तितका चांगला. भावना शिकवण्यासाठी वीस मिनिटंही पुरेत. धाकटी मांडीवर असेल तर तिचं तोंड टीव्हीच्या उलट दिशेला ठेवा. वन रूम किचनमध्ये तिला दुसरीकडे नेणं शक्य नसतं, हे आम्हाला कळतं.

आता निवड. आदल्या रात्री मुलं झोपल्यावर भाग तुम्ही पूर्ण बघायचा, आवाज बारीक ठेवून. सगळ्यात आधी वर सांगितलेला मिनिटांचा हिशेब. भांडणाचा वेळ निम्म्यापेक्षा जास्त असेल तर तो भाग सोडा, शेवट कितीही सुंदर असो. मग एक मिनिट फक्त दृश्यं मोजा. २०११ च्या एका अभ्यासात चार वर्षांच्या ६० मुलांना तीन गटांत विभागलं होतं. ज्यांनी साधारण ११ सेकंदांना दृश्य बदलणारं कार्टून नऊ मिनिटं पाहिलं, त्यांची लगेच नंतर स्वतःला आवरण्याच्या, वाट बघण्याच्या खेळांत घसरण झाली. सुमारे ३४ सेकंदांना दृश्य बदलणारा संथ कार्यक्रम पाहिलेल्यांची आणि चित्र काढत बसलेल्यांची तशी झाली नाही. हा परिणाम लगेचचा आहे, कायमचा नव्हे. पण राग आवरायला शिकवण्यासाठी राग आवरण्याची ताकदच घटवणारा भाग लावणं उलटंच झालं. मिनिटात पाच-सहा वेळा जागाच बदलत असेल तर नको.

चेहरे बघा. पात्र रडतं, घाबरतं, तेव्हा कॅमेरा त्या चेहऱ्यावर दोन-तीन श्वास थांबतो का? ते थांबणंच शिकण्याची जागा आहे. गोष्टीतला मोठा माणूस काय करतो तेही बघा : ओरडतो, की खाली बसून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो? आणि त्यात सांगितलेला उपाय तुमच्या घरात करता येईल का? परदेशी गोष्टींत रागावलेलं मूल आपल्या खोलीत जाऊन बसतं. तुमच्याकडे खोली एकच. ती गोष्ट वाईट नाही, पण तो उपाय तुम्हाला आपल्या मापाचा करून घ्यावा लागेल, नाहीतर मुलाला वाटतं की शांत व्हायला स्वतंत्र खोली लागते.

कार्यक्रमांची लांब यादी आम्ही मुद्दाम देत नाही. एकाच मालिकेत एक भाग फार चांगला आणि पुढचा टाकाऊ असू शकतो. हिंदीत 'गली गली सिम सिम', म्हणजे २००६ मध्ये सुरू झालेली 'सेसमी स्ट्रीट'ची भारतीय मालिका, तिचे छोटे तुकडे या वयाला चांगले लागू पडतात. चमकीचं पात्र मुलांना पटकन आपलं वाटतं. 'डॅनियल टायगर' तर भावनांसाठीच रचलेली आहे, मात्र तिची मूळ गाणी इंग्रजी आहेत. अशी दोन-तीन नावं धरून त्यातले आठ-नऊ भाग निवडलेत तरी दोन महिने पुरतील.

दोन महिने कसे पुरतील? कारण एक भाग एक आठवडा चालवायचा. १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'ब्लूज क्लूज' या मालिकेचा एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवायचे. मुलं कंटाळली नाहीत. दर दिवशी जास्त समजायला लागलं, जास्त उत्तरं द्यायला लागली. लहान मुलाला पहिल्या दिवशी फक्त काय घडलं ते कळतं, का घडलं ते नंतर. तेव्हा तुम्ही असं करा. सोमवारी नुसता बघा, मधे बोलू नका. तुम्ही पडद्याकडे बघू नका, त्याच्याकडे बघा. कुठे त्याची बोटं तोंडात जातात, कुठे तो मान वळवतो, कुठे हसतो, ते लक्षात ठेवा. मंगळवारी तुम्हाला सापडलेल्या त्या जागी भाग थांबवा आणि बोला, एकदाच. बुधवारी आवाज बंद ठेवून तीच गोष्ट तुम्ही किंवा आजीने मराठीत सांगायची. गुरुवारी तो सांगेल. शुक्रवारी पडदा बंद. गोष्टीचा खेळ करायचा, उशी बाळ, तो भाऊ, मग अदलाबदल करून तो आई. एखादा दिवस चुकला तर चुकला.

बुधवारचा आवाज बंद करायचा दिवस आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल जरा जास्त सांगायला हवं. मुलाने राग हिंदीत उचलला, कारण त्या रागाला मराठीत कोणी शब्द दिला नव्हता. घरात साधारणपणे तीन शब्द फिरतात : चांगलं वाटलं, वाईट वाटलं, राग आला. इंग्रजी शाळेतली मुलं 'हॅपी', 'सॅड', 'अँग्री' असे तीन चेहरे रंगवून आणतात. आपल्या भाषेत याहून किती बारीक नोंदी आहेत बघा. चिडणं वेगळं, वैतागणं वेगळं. आईस्क्रीम मिळणार होतं आणि मिळालं नाही की मूल हिरमुसतं. अनोळखी घरात बावरतं. फटाक्याने भेदरतं. चूक पकडली गेली की ओशाळतं. आणि रुसणं : रुसण्यात राग असतो, प्रेम असतं आणि 'मला मनवायला या' अशी हाकही असते. नुसत्या रागावलेल्या मुलाला थोडा वेळ एकटं सोडलं तर चालतं. रुसलेल्या मुलाला एकटं सोडलं तर ते आणखी खोल जातं. तुमचा मुलगा चिमटा काढतो तेव्हा तो बहुतेक वेळा रुसलेला असतो. शब्द नेमका सापडला की उपायही बदलतो, म्हणून शब्द हवेत.

'तुला कसं वाटलं?' असं चार वर्षांच्या मुलाला विचारू नका. 'माहीत नाही' म्हणेल किंवा पळून जाईल. दोन पर्याय द्या : "तो भाऊ चिडलाय की रुसलाय?" आधी पात्राबद्दल, त्याच्याबद्दल नाही. दुसऱ्याचं मन ओळखणं सोपं असतं, तिथे लाज आड येत नाही. दोन-तीन दिवसांनी शरीरावर या. आपल्याकडे भावनांचा अंगातला पत्ता भाषेतच लिहिलेला आहे : पोटात गोळा येतो, घशाशी आवंढा येतो, छातीत धडधडतं, कान तापतात. "त्याचे कान तापले असतील का रे?" हे विचारलं की मूल स्वतःच्या कानाला हात लावून बघतं. पुढच्या वेळी चिमट्याच्या आधी त्याला आपले कान तापलेले कळले, तर तुम्हाला पाच सेकंद मिळाले. एवढे पाच सेकंदच हवे असतात.

त्या पाच सेकंदांत करायचं काय, ते आधीच तयार असावं लागतं. श्वासाचा उपाय बहुतेक कार्यक्रमांत असतो आणि बहुतेक घरांत फसतो, कारण मूल किंचाळत असताना त्याला 'दीर्घ श्वास घे' सांगितलं जातं. पेटलेल्या डोक्यात नवीन काही शिरत नाही. सराव शांत वेळी करायचा : जेवायला बसल्यावर, वाफाळतं वरण ताटात वाढलं की. "वरणाचा वास घे... आता फुंकर घाल." वास घेणं छोटं, फुंकर लांब. लांब सोडलेल्या श्वासानेच छातीतली धडधड खाली येते. चार वेळा, दोन्ही जेवणांना, पंधरा दिवस. त्याला जोड म्हणून दोन ओळी घरात म्हणा, त्याला येत असलेल्या कुठल्याही चालीवर :

राग आला, राग आला, मूठ आवळली,
फुंकर घातली चार वेळा, मूठ सोडली.

मूठ खरोखर घट्ट आवळायची आणि सोडायची. पंधरा दिवसांनंतर भडका उडाला की तुम्ही काही समजावू नका. नुसती आपली मूठ त्याच्यासमोर आवळा. सुरुवातीला चारातून एकदा जमेल. तेवढं पुष्कळ झालं.

स्वतंत्र खोलीऐवजी एक जागा ठरवा : कपाट आणि पलंग यांच्यामधली दीड फुटाची फट, किंवा ग्रिलला लागून खिडकीचा कट्टा, पण ग्रिलच्या सळ्या जवळजवळ आणि पक्क्या असतील तरच. तिथे आजोबांची जुनी गोधडी घाला. ही शिक्षेची जागा नव्हे. 'जा तिकडे' असं एकदा जरी रागाने म्हटलंत, तरी ती जागा वाया गेली. आठवड्यातून दोन-तीनदा तुम्हीही तिथे जाऊन बसा, त्याला दिसेल असं : "मी वैतागलेय, जरा गोधडीत बसते."

चिमटा निघाल्यावर मात्र भाषण नको. मनगट धरा, बाळ बाजूला घ्या, आणि एकच वाक्य : "रुसलास तर चालेल, चिमटा चालणार नाही." रोज तेच वाक्य, घरातल्या तिन्ही मोठ्यांच्या तोंडी. 'तू आता मोठा झालास ना' हे वाक्य काही महिने विसरून जा. मोठं होणं म्हणजे आईची मांडी जाणं, एवढंच त्याला त्यातून कळतं. त्यापेक्षा बाळाला पाजून झालं की रोज दहा मिनिटं मांडी फक्त त्याची, ठरलेल्या वेळी. आणि दोघांना एकटं सोडू नका, गॅस बारीक करण्यापुरतंसुद्धा नाही. सव्वाचार वर्षांच्या मुलाने प्रेमाने केलेली मिठीही चार महिन्यांच्या बाळाला जड होऊ शकते.

उपकरणांचं थोडक्यात. फोनपेक्षा टीव्ही बरा, कारण तो दोघांना मिळून बघता येतो आणि मुलाच्या हातात नसतो. यूट्यूब असेल तर पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. यूट्यूब किड्समध्ये पालकांनी निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी व्यवस्था आहे आणि टायमरही आहे. 'दोन मिनिटांत बंद हं' असा इशारा देऊ नका. मिनिट म्हणजे काय ते त्याला कळत नाही, फक्त हिसकावलं जाणार एवढं कळतं. भाग संपला की संपलं, आणि बंद करायचं बटण त्याने दाबायचं. जेवताना आणि झोपेच्या आधीच्या तासात पडदा नको.

सासूबाईंच्या मालिकांबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण एका खोलीत टीव्ही एकच असतो, म्हणून एवढं सांगून ठेवतो : त्या संध्याकाळी मालिका बघत असतील, तर मूल खेळताना त्या मागे चालू असणंही परिणाम करतं. त्याचा खेळ तुटक होतो, घरातलं त्याच्याशी बोलणं कमी होतं. मालिकांमध्ये लोक भिंतीआडून ऐकतात आणि डोळे वटारतात, तेही तो घेतो. पण यावरून घरात वाद काढू नका. नुकताच जोडीदार गेलेल्या बाईची संध्याकाळ आहे ती. मालिकेची एक ठरलेली वेळ असू द्या, आणि तेवढा वेळ मुलाचे बाबा किंवा तुम्ही त्याला खाली किंवा गच्चीवर न्या. पावसाळ्यात जिन्यात, गॅलरीत. सासूबाईंच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही त्यांच्याकडेच आहे. चिऊ-काऊची गोष्ट त्यांना येत असणारच. शेणाचं घर वाहून गेलेला काऊ दारात भिजत उभा, आणि चिऊ आतून म्हणते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब, बाळाला काजळ घालते. तुमच्या मुलाची सध्याची अवस्था याहून नेमकी कुठल्याही कार्टूनमध्ये सापडणार नाही. आजीने गोष्ट तिथेच थांबवून विचारावं, "बाहेर उभ्या काऊला काय वाटत असेल रे?" आणि तो जे म्हणेल ते ऐकून घ्यावं. मग दार उघडू द्यावं, पंचा द्यावा, खायला द्यावं. जुन्या शेवटात काऊला चटका बसत असेल तर तो या घरात सध्या गाळावा. पडदा न लावता आठवड्याचा एक भाग इथेच निघाला. तुम्ही कामावर जायला लागाल तेव्हा हा दुवा आजीच्या हातात राहील, म्हणून सवय या दोन महिन्यांतच लावा.

अंथरुणाबद्दल : बाळ आल्यावर असं मागे सरकणं नेहमीचं आहे, आणि पाच वर्षांच्या आत रात्रीचं ओलं करणं आजार धरत नाहीत. रागावू नका, बाळासारखा लंगोटही बांधू नका; झोपण्याआधी शू, खाली रबरी चादर, सकाळी न बोलता बदलणं. मात्र लघवीला जळजळ, ताप, सारखी तहान, दिवसाही खूप लघवी, वजन कमी होणं, यातलं काही असेल तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राग, चिमटे आणि ओलं होणं दोन-तीन महिन्यांत थोडंही कमी झालं नाही, तो खेळेनासा किंवा जेवेनासा झाला, तरीही दाखवा. तुम्हाला स्वतःला सतत रडू येत असेल, झोप लागत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आता मुलाचा तो देवाघरचा हिशेब. 'सेसमी स्ट्रीट'मध्ये दुकानदार मिस्टर हूपरची भूमिका करणारे नट १९८२ मध्ये वारले. मालिकेपुढे सोपे रस्ते होते : दुसरा नट आणायचा, किंवा ते गावाला गेले म्हणायचं. त्यांनी २४ नोव्हेंबर १९८३ ला एक भाग दाखवला, सणाच्या सुट्टीच्या दिवशी, मोठी माणसं मुलांजवळ घरी असतील म्हणून. त्यात मोठा पिवळा पक्षी हूपरना चित्र द्यायला निघतो आणि त्याला सांगितलं जातं की ते मेले आणि मेलेलं माणूस परत येत नाही. झोपले, आजारी पडले, असं काहीही नाही. कारण मग मूल झोपायला आणि सर्दी व्हायला घाबरतं. मोठी माणसं त्यात रडवेली होतात, आणि त्यांना लपवलेलं नाही.

तुमच्या घरी देवाघर हा शब्द सोडायची गरज नाही. सासूबाईंचा तो आधार आहे. पण त्याच्याआधी साधी वाक्यं ठेवा, दोन्हींसाठी वेगवेगळी. रात्री दिवा मालवायच्या आधी नको, दिवसा, मांडीवर घेऊन : "आजोबा मेले. म्हणजे त्यांचं शरीर चालायचं बंद झालं. त्यांना भूक लागत नाही, दुखत नाही, आणि ते परत येऊ शकत नाहीत. आपल्याला त्यांची आठवण येते, आजीलाही येते." मग श्वास घेऊन, वेगळं : "बाळ दुसरीकडून आलेलं नाही. माझ्या पोटात गर्भाशय नावाची पिशवी आहे, तिथे ते वाढलं. तूही तिथेच वाढलास. बाळ आलं म्हणून आजोबा गेले नाहीत. तू काही बोललास किंवा रागावलास म्हणूनही गेले नाहीत." हे शेवटचं वाक्य वगळू नका. या वयात मुलांना आपल्या मनातल्या रागाने खरंच काही घडतं असं वाटू शकतं, आणि ते ती कोणाला सांगत नाहीत.

तो बहुधा विचारेल, "तूपण मरशील?" तेव्हा 'छे, काहीतरीच' म्हणू नका. "सगळे कधीतरी मरतात, पण बहुतेक माणसं खूप म्हातारी होईपर्यंत जगतात. तू मोठा होशील तेव्हाही मी असेन असं मला वाटतं. आणि तुझ्याकडे बघायला बाबा आहेत, आजी आहे." एवढं ऐकून तो कदाचित लगेच म्हणेल की भूक लागली. त्याचा अर्थ त्याने ऐकलं नाही असा धरू नका. मुलं इतकंच एका वेळी पेलतात. त्याला खायला द्या. चार दिवसांनी, बहुतेक तुम्ही घाईत असताना, तो हेच सगळं पुन्हा विचारेल. त्याही वेळी हीच वाक्यं, याच क्रमाने.